पिळण्यातला नाच, भोपळ्यातलं नाटक

पाहुणे आले की घरातल्या लहान मुलाला 'एक डान्स करून दाखव बघू' असं सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मूल एक तर आईच्या मागे लपतं, नाहीतर टीव्हीवर पाहिलेल्या चार स्टेप्स करून दाखवतं. सगळे टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. त्या चार स्टेप्सवर माझा राग नाही, मुलं नक्कल करतच शिकतात. पण नक्कल संपली की पुढे काय करायचं ते मुलाला सुचत नाही, कारण 'नाच' एवढ्याच सूचनेत त्याला धरायला काही नसतं. पूर्ण मोकळीक दिली की मूल खुलेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते गोंधळतं, आणि गोंधळलेलं मूल जे पाठ आहे तेच करतं.

त्यापेक्षा त्याला एक अट घालावी. 'उजवं कोपर फरशीवरून उचलायचं नाही, बाकीचं सगळं अंग हलवायचं.' बस, एवढीच. कोपर एका जागी राहिलं की मूल त्याच्याभोवती सरपटतं, पाय वर टाकतं, कुशीवर वळतं, अडकतं, सुटतं, आणि मिनिटभरात कुणीही न शिकवलेली एखादी हालचाल त्याच्या अंगातून बाहेर पडते. कारण आता त्याच्यापुढे सोडवायला काहीतरी आहे. मुलांचा घरातला नाच काय आणि नाटक काय, त्याचं बहुतेक सगळं कसब अटी घालण्यात आहे. अट किती अवघड ठेवायची, कधी बदलायची आणि कधी काढून घ्यायची, एवढं जमलं तर स्वतःला नाचता येत नाही म्हणणारे आईबाबाही हे उत्तम करू शकतात.

जागा फार लागत नाही. टीपॉय भिंतीला सरकवला आणि खुर्च्या आतल्या खोलीत नेल्या की बहुतेक घरांत आठ फूट लांब-रुंद चौक मोकळा होतो. दोन मुलांना तेवढा पुरतो. मोजे काढायचेच, कारण गुळगुळीत फरशीवर मोजे घालून गिरकी घेतली की पाय सुटतो. सतरंजी नको, तिची कड दुमडते आणि ती आख्खीच सरकते. कोरडी फरशी आणि अनवाणी पाय सगळ्यांत बरे. टीपॉयचे कोपरे मुलांच्या डोक्याच्या उंचीवर येतात, त्यावर उशी बांधून ठेवावी. ओढणी घेऊन नाचायचं असेल तर ती फक्त हातात धरायची, गळ्यात गुंडाळायची नाही. खालच्या मजल्यावर माणसं राहतात, त्यामुळे उड्यांचं काय करायचं हा प्रश्न येतोच. त्यावरही अटच उपयोगी पडते: 'कितीही उंच उडी मार, पण खाली येताना आवाज येता कामा नये.' आवाज टाळायचा म्हणून मूल आपोआप चवड्यावर उतरतं, मग टाच टेकवतं आणि गुडघे वाकवतं. उडीतून उतरायची योग्य रीत हीच. गुडघ्यांना धक्का बसत नाही आणि खालून तक्रारही येत नाही.

चार-पाच वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं खूप झाली. सहा ते आठ वर्षांची मुलं अर्धा तास रमतात, त्याहून मोठी पाऊण तास. जेवणानंतर तासभर तरी नको.

आता नाचाचा माल कुठून आणायचा? तो स्वयंपाकघरात आणि मोरीत भरपूर आहे. असं म्हणायला आधारही आहे. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) हा नृत्याचा मोठा विचारवंत. नाझी राजवटीत त्याला जर्मनी सोडावी लागली. तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या कारखान्यांमधल्या कामगारांच्या हालचाली त्याने बारकाईने तपासल्या. कुठल्याही हालचालीला तो तीन प्रश्न विचारतो. तिच्यात जोर आहे की ती हलकी आहे? झटक्यात होते की सावकाश? सरळ जाते की वळसे घेत? प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरं, म्हणजे एकंदर आठ प्रकार होतात. युद्धानंतर इंग्लंडच्या शाळांमध्ये नाच शिकवण्याच्या पद्धतीवर या विचाराचा मोठा प्रभाव पडला.

हे आठही प्रकार आपल्या घरात रोज होतात. कणीक तिंबताना आपण दाबतो: जोर आहे, सावकाश आहे, सरळ आहे. खलबत्त्यात वेलदोडे कुटताना ठोसा असतो: जोर तोच, पण झटक्यात. कपडे पिळताना जोर आणि सावकाशपणा दोन्ही असतात, पण हालचाल वळसे घेते. गच्चीवर गोधडी झटकताना हाताचा फटकारा बसतो. कपाळावर कुंकू टेकवणं म्हणजे टिपणं: हलकं, झटक्यात, नेमकं. हात धुतल्यावर बोटांवरचं पाणी उडवतो ते झटकणं: तेही हलकंच, पण वाट्टेल त्या दिशेने. इस्त्री फिरवताना हात हलका आणि सावकाश सरळ सरकतो. साबणाच्या फुग्यामागे फुंकर घालत फिरणारा हात तरंगतो. लाबानचे पारिभाषिक शब्द मुलांना सांगायची गरज नाही, पिळणं-झटकणं-टिपणं हे शब्द त्यांच्या ओळखीचे आहेत. आणि मुलांना ही कामं आधी खरीखुरी करू द्यावीत, नुसती दाखवून भागत नाही.

यातलं पिळणं मी नेहमी पहिल्यांदा घ्यायला सांगेन, कारण त्यात सगळं अंग कामाला लागतं. बादलीत थोडं पाणी घ्यावं आणि एक जुना नॅपकिन भिजवून मुलाच्या हातात द्यावा. 'घट्ट पिळ आणि आता आणखी पिळता येणार नाही असं वाटलं की तसाच थांब.' तो थांबला की नीट बघावं. एक मूठ वर आणि एक खाली गेलेली असते, एक कोपर शरीराबाहेर असतं, त्या बाजूचा खांदा उचललेला, ओठ आवळलेले, श्वास रोखलेला. मुलाला ते सांगावं: 'तुझा डावा खांदा बघ कुठे गेलाय.' मग नॅपकिन काढून घ्यायचा आणि तेच पुन्हा करायला सांगायचं. इथे हमखास एक गोष्ट बिघडते. दोन मुठी एकमेकींना चिकटतात किंवा फाकतात, मधलं कापड नाहीसं होतं आणि जोरही जातो. समजावून उपयोग होत नाही. नॅपकिन परत हातात द्यावा, मुठींमध्ये किती अंतर राहतं ते त्यालाच बघू द्यावं, पुन्हा काढून घ्यावा. दोन-तीन फेऱ्यांत हातांना ते अंतर लक्षात राहतं.

मग पीळ वाढवायचा. मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात, खांद्यातून कमरेत, शेवटी गुडघे आणि पावलं एकमेकांत अडकेपर्यंत. आठ आकडे मोजत पिळत जायचं आणि आठ आकडे मोजत सुटायचं. पिळणं सगळ्यांना जमतं. सुटताना मात्र मुलं तिसऱ्या आकड्यालाच धाडकन मोकळी होतात, कारण सावकाश सोडण्यात ताबा जास्त लागतो. तेव्हा 'हळू, हळू' म्हणत बसू नये. 'शेवटचा थेंब अंगाच्या कुठल्या टोकावरून पडणार?' असं विचारावं. थेंब करंगळीवरून पडायचा की हनुवटीवरून की पायाच्या अंगठ्यावरून, हे ठरवण्यात मूल इतकं गुंततं की आठही आकडे भरतात.

आठ आकडे पिळणं, दोन आकडे झटकणं, सहा आकडे तरंगणं. एवढ्यावर एक छोटा नाच उभा राहतो. क्रम मुलाने लावायचा आणि तोच क्रम दोनदा करायचा, म्हणजे तो त्याने खरंच ठरवला होता की सुचेल ते केलं हे त्याचं त्यालाच कळतं. दोनदा एकसारखं करता येणं ही रचनेची पहिली पायरी आहे आणि सहा वर्षांच्या मुलाला ती सहज चढता येते. थोड्या वेळाने सगळा नाच हातांचाच होऊ लागेल. मोठ्या माणसांचंही तसंच होतं. मग नवी अट: हात पाठीमागे. आता गुडघ्याने टिपायचं, पाठीने झटकायचं, डोक्याने सरकायचं.

गाणं लावायची घाई करू नये, असं माझं ठाम मत आहे. गाणं लागलं की मुलं शब्दांवर हावभाव करू लागतात, चंद्र म्हटलं की बोट वर आणि डोळे म्हटलं की हात डोळ्यांशी. आधी शांततेत करावं, मग ठेक्यावर. ठेक्याला स्टीलचा डबा आणि लाकडी चमचा पुरतो. इथेही एक चूक सर्रास होते: आपण आपल्या चालीने ठेका धरतो. मुलाचे पाय आखूड असतात, त्याची चाल आपल्यापेक्षा जलद असते, आपला ठेका त्याला संथ पडतो आणि तो अडखळतो. आपल्याला मग वाटतं की याला तालाची समज नाही. आधी मुलाला नुसतं चालू द्यावं, त्याच्या पावलांवर आपण डबा वाजवावा आणि ठेका पक्का बसला की मग हळूहळू बदलावा.

आठेक वर्षांच्या पुढच्या मुलांना तालांमधली एक गंमत दाखवता येते. केरव्याच्या आठ मात्रांवर, म्हणजे आठ ठोक्यांवर, उजव्या पायाने चालायला सुरुवात केली, तर पहिल्या आणि पाचव्या मात्रेला उजवाच पाय पडतो, प्रत्येक आवर्तनात, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीत. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिलीला उजवा आणि चौथीला डावा, म्हणजे जोर आलटून पालटून दोन्ही पायांवर येतो आणि चालीत आपोआप झोका येतो. रूपकाच्या सात मात्रांत तर एका आवर्तनाची सुरुवात उजव्याने, पुढच्याची डाव्याने. मुलांचे पाय चारच्या मोजणीला सरावलेले असतात, त्यामुळे रूपकात सातवीनंतर ती एक जास्तीचं पाऊल घुसडतात. तीन-दोन-दोन अशी टाळी देत बसल्या बसल्या दहा-बारा आवर्तनं केली की पायांना वाट सापडते.

दोघांनी करायच्या गोष्टींत आपल्याकडची फुगडी अव्वल आहे, कारण तिच्यात तोल दोघांत वाटून घ्यावा लागतो. पावलं एकमेकांजवळ, हातांची अढी, कोपरं सरळ आणि दोघांनीही सारखंच मागे झुकायचं. कोपरं वाकली की दोघं एकमेकांकडे ओढली जातात आणि टकरा होतात. हात घामेजले असतील तर आधी पुसावेत. थांबायचं ते वेग कमी करत, मध्येच हात सोडून नाही. मोठं माणूस लहान मुलाबरोबर फुगडी घालत असेल तर त्याने गुडघे वाकवून खाली यावं, वजनाचा फरक तसाच भरून निघतो. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र मनगटाला किंवा हाताला धरून गरगर फिरवू नये. त्या वयात कोपराच्या सांध्यातलं हाड ओढीने सहज निसटतं. त्यांच्यासाठी पाठीला पाठ लावून, हात न टेकता खाली बसायचं आणि तसंच उठायचं, हा खेळ चांगला. एकाने जोर कमी केला की दोघंही बसकण मारतात, लागत कुणालाच नाही.

आरशाचा खेळ पुष्कळांना माहीत आहे, एकाने हालचाल करायची आणि समोरच्याने आरसा व्हायचं. नाट्यखेळांची पद्धत बसवणाऱ्या शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांच्यामुळे तो जगभर पोचला. नेवा बॉइड या शिक्षिकेकडे त्या खेळांतून शिकवायला शिकल्या आणि १९३०च्या दशकाच्या शेवटी स्थलांतरितांच्या वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करताना त्यांनी हे नाट्यखेळ घडवले. आरशात गडबड कुठे होते ते सांगतो. पुढारी झालेलं मूल समोरच्याला चकवायला बघतं, भराभर हात फिरवतं, आणि खेळाची मारामारी होते. म्हणून सुरुवातीलाच सांगावं: 'आरसा मागे पडला तर चूक आरशाची नाही, आरशासमोरच्याची.' एका वाक्यात वेग खाली येतो. समोरासमोर मांडी घालून बसावं, दोन फुटांवर, आधी फक्त एक हात. नजर हातावर नको, समोरच्याच्या गळ्याखाली ठेवावी, म्हणजे दोन्ही हात आणि डोकं एकदम दिसतात. दर मिनिटाला भूमिका बदलायच्या, मग अर्ध्या मिनिटाला, मग न सांगता. अखेर कोण कुणाचा आरसा आहे हे दोघांनाही कळेनासं होतं आणि तरी हात एकत्र हलत राहतात. त्या अवस्थेत मुलं फार वेळ राहत नाहीत, अर्धा मिनिट राहिली तरी भरपूर झालं. आजी-आजोबांना खुर्चीत बसून यात भाग घेता येतो आणि त्यांनी तो घ्यावाच. त्यांच्या संथपणाला मुलं कंटाळत नाहीत, उलट त्यांचा वेग आपोआप उतरतो.

आरशाच्या खेळातून नाटकाकडे जायला फार वाट तुडवावी लागत नाही. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक (अंगाचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेषभूषेचा) आणि सात्त्विक (भावनेचा). घरोघरी आपण सुरुवात करतो ती आहार्यापासून, म्हणजे कपड्यांपासून. भाड्याने आणलेला शिवाजी महाराजांचा पोशाख, चिकटवलेली दाढी, पाठ केलेली चार वाक्यं, आणि जिरेटोप डोळ्यांवर सरकू नये म्हणून मान ताठ धरून उभं राहिलेलं मूल. पोशाखाच्या ओझ्याखाली बिचाऱ्याला करायला काही उरतच नाही. कपडे सगळ्यांत शेवटी यावेत आणि तेव्हाही एखादा टॉवेल, एखादी टोपी पुरे.

सुरुवात नसलेल्या वस्तूंपासून करावी. काचेच्या ग्लासातला गरम चहा घ्या. ग्लास नाही, चहा नाही. मुलाने ओट्यापासून आजोबांच्या खुर्चीपर्यंत तो न्यायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा. पहिल्या वेळी मूल मूठ आवळून चालतं, म्हणजे ग्लास चेचलेला असतो. देताना हात नुसता खाली येतो, ग्लास हवेत विरतो. तेव्हा त्याला प्रश्न विचारावेत: गरम ग्लास कुठे धरतात? वरच्या काठाला, दोन बोटांनी. चहा काठोकाठ असेल तर नजर कुठे असते? आजोबांनी तो नीट धरला हे कळल्यावरच बोटं सुटतात ना? मग खरा ग्लास, अर्थात कोमट पाण्याचा, एकदा नेऊन बघावा. परत खोटा. वस्तूचा आकार, तिचं वजन आणि ती सोडायचा क्षण या तीन गोष्टी सांभाळल्या की बघणाऱ्याला चहा दिसतो. सोडायचा क्षण सगळ्यांत जास्त चुकतो.

खेळ चालू असताना बाजूने छोट्या सूचना देत राहणं हा स्पोलिन यांच्या पद्धतीचा एक भाग आहे. मुलाने खेळ थांबवायचा नाही, उत्तरही द्यायचं नाही, नुसतं ऐकून वापरायचं. 'चहा हिंदकळला.' 'फरशी ओली आहे.' 'हात बदल.' या सूचना वस्तूबद्दल आणि जागेबद्दल असाव्यात, भावनेबद्दल नकोत. 'आता रडून दाखव' म्हटलं की मूल ओठ काढतं, डोळे चोळतं, आणि ते खोटं आहे हे त्यालाही ठाऊक असतं. हुकमावर भावना येत नाही. काम दिलं तर त्याच्या मागोमाग ती येते. 'शाळेची बस सुटतेय आणि तुझा एकच बूट सापडतोय. शोध.' यात घाबर, रड, चीड असं काहीच सांगितलेलं नाही, तरी अर्ध्या मिनिटात मुलाचा आवाज बदलतो.

पावसाळ्यात, दिवे गेल्यावर किंवा नुसतंच संध्याकाळी सावल्यांचं नाटक करावं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले कलावंत चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या) पोथ्या, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान् पिढ्या सांभाळून आहेत. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सिंधुदुर्गात गेलात तर मुलांना तिथे जरूर न्या. घरी चामड्याऐवजी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद चालतो. बाहुली आठ ते दहा इंच उंच असावी आणि बाजूने दिसणारी काढावी, कारण समोरून काढलेल्या चेहऱ्याच्या सावलीत नाकच दिसत नाही. डोळा पंचने पाडावा. हलणारा एकच हात पुरे, खांद्याशी भोक पाडून जाड दोरा ओवायचा आणि दोन्ही बाजूंनी गाठी मारायच्या. खराट्याची काडी पायाशी चिकटवली तर डोकं जड होऊन बाहुली लटपटते आणि उलटी फिरते. काडी पायापासून मानेपर्यंत आख्ख्या अंगावर चिकटवावी.

पडद्याला पांढरं धोतर किंवा पातळ चादर दाराच्या चौकटीत ताणून बांधावी. सुरकुती राहिली तर सावली तिथे मोडते. दिवा लहान हवा. ट्यूबलाइट लांबलचक असते, तिचा उजेड अनेक जागांवरून येतो आणि सावलीच्या कडा विरघळतात. मोबाइलचा टॉर्च छान, पडद्यामागे पाच-सहा फुटांवर डब्यावर ठेवावा. बाहुली पडद्याला टेकवली की सावली ठसठशीत पडते, दिव्याकडे नेली की मोठी होत जाते. राक्षस आणायला दुसरी बाहुली करावी लागत नाही, तीच मागे न्यायची. तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती मात्र कापडामागे कधीच ठेवू नये.

आणि मग एक आख्खी गोष्ट. माझी निवड म्हातारी आणि भोपळ्याची आहे. गोष्ट सगळ्यांना येते, त्यामुळे पाठांतर लागत नाही. माणसं मोजकी: म्हातारी, कोल्हा, वाघ, लेक आणि भोपळा. रस्ता एकच, तो एकदा जाताना आणि एकदा येताना. संवाद लिहून देऊ नयेत. प्रत्येकाला एक गरज द्यावी. म्हातारीला पुढे जायचंय. वाघाला आत्ताच खायचंय. लेकीला आईला आणखी चार दिवस ठेवून घ्यायचंय. या गरजा एकमेकींना अडवतात, तिथे संवाद आपोआप फुटतात. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन' हे पालुपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं, दर वेळी वेगळ्या लयीत. वाघासमोर कापऱ्या आवाजात, कोल्ह्यासमोर चढ्या.

सगळ्यांना वाघच व्हायचं असतं. भांडण मिटवायला वाघाची पाळी लावावी, पण त्याहून बरा उपाय म्हणजे भोपळ्याची भूमिका मोठी करणं. भोपळा बोलत नाही, म्हणून मुलांना तो कमी वाटतो. खरं तर परतीचा सगळा प्रवास तोच करतो. त्याला अट द्यायची: गुडघे छातीशी, हात घोट्यांभोवती, आणि 'टुणुक टुणुक' म्हटलं की याच अवस्थेत पुढे जायचं. चढावर कसा जाईल? चिखलात? वाघाने अडवल्यावर पुढे जायचं धैर्य कसं गोळा करेल? लोळत, घरंगळत, बुडावर उडत जाणारा भोपळा बघितला की वाघासाठी भांडणारी मुलंही त्या भूमिकेसाठी रांग लावतात. कोल्हा भोपळा फोडतो तो क्षण मुलं लगेच उरकतात. तिथे आधी शिकलेलं पिळणं आणि फटकारा कामाला येतात: फुटण्याआधी आठ आकडे आवळत जायचं आणि नवव्याला फुटायचं. सगळं मिळून आठ-दहा मिनिटांचं नाटक होतं. परदेशात वाढणारी मराठी तुटक बोलणारी मुलंही यात मागे पडत नाहीत, कारण पालुपद आणि 'टुणुक टुणुक' एवढं तोंडात बसलं की बाकीचं अंगाने सांगता येतं.

एखादं मूल यातलं काहीच करायला तयार नसतं. त्याला ओढून आणू नये. त्याच्या हातात डबा-चमचा द्यावा किंवा टॉर्च द्यावा. वाघ कधी येणार हे टॉर्चवाल्याच्या हातात असतं, आणि नाटकात अशा माणसाचं वजन काय असतं ते मुलांना लगेच उमगतं. बरीच मुलं काही दिवसांनी टॉर्च दुसऱ्याकडे देऊन आपणहून मध्ये येतात. नाही आली तरी बिघडत नाही, ठेका धरणारा हात नाटकाला हवाच असतो.

मोबाइलवर शूटिंग मात्र करू नये. फोन वर आला की मुलं त्याच्याकडे तोंड करतात, सगळ्या हालचाली एका बाजूला वळतात आणि शोधणं थांबतं. तसंच 'वा, छान' हे कौतुकही फारसं उपयोगी नाही, ते ऐकून मूल तेच पुन्हा करतं. जे दिसलं ते सांगावं. 'तू वळलीस तेव्हा आधी डोकं वळलं, मग खांदे.' 'चहा देताना तुझा श्वास थांबला होता.' आपल्याकडे कुणीतरी नीट बघितलं, हे मुलाला टाळ्यांपेक्षा जास्त पोचतं. गणेशोत्सवात सोसायटीच्या कार्यक्रमात हे नाटक करायचंच असेल, तर मुलांनी तसं म्हटल्यावर करावं, आणि आठवडाभर तालमींचा जाच लावू नये. स्टेजवर जाण्याआधी एकदाच, सगळ्यांनी प्रेक्षकांकडे पाठ करून नाटक करावं. त्यात कुणाचं काम कुणावर अवलंबून आहे ते त्यांचं त्यांना समजतं.

अटी चिठ्ठ्यांवर लिहून एका बरणीत ठेवल्या की रोज नवं काही सुचवायचा भार राहत नाही. पहिल्या वीस-पंचवीस आपण लिहाव्यात, नंतर मुलांना लिहू द्याव्यात. मुलांच्या अटी अचाट असतात: जमिनीला न टेकता उभं राहा, आवाज न करता ओरड, एकाच वेळी झोप आणि पळ. 'हे होत नाही' म्हणून त्या बाजूला काढू नयेत. जमिनीला न टेकता उभं राहायला कुणीतरी दुसऱ्याच्या पावलांवर उभं राहतं, कुणी उशीवर चढतं, कुणी भिंतीला पाय लावून आडवं होतं. आणि ज्या दिवशी बरणीतून मुलाची अट निघेल, त्या दिवशी ती आईबाबांनीही करायची, खुर्चीत बसून राहायचं नाही.